दुर्मिळ चेरीची झाडं: कुठं पाहिलीत, कशी ओळखलीत?

मुक्ता_केंट (12 एप्रिल)

मंडळी, इथे झाडं पाहत हिंडणारे बरेच जण आहेत, म्हणून हा धागा काढतेय. विषय आहे शोभेची चेरी. खोक्यातून बाजारात येते ती खायची चेरी नव्हे, निव्वळ फुलांसाठी लावतात ती. सगळ्यांच्या ओळखीची दोन नावं आधीच बाजूला ठेवते. एक जपानभर फुलणारं सोमेइ-योशिनो आणि दुसरं इकडे इंग्लंडात गल्लोगल्ली दिसणारं गडद गुलाबी, भरगच्च पाकळ्यांचं कान्झान. दोन्ही देखणी आहेत, वादच नाही. पण जपानी माळ्यांनी पिढ्यान्पिढ्या निवडून, कलमं बांधून जपलेल्या जाती शेकड्यांनी आहेत. त्यातल्या कितीतरी आता एखाद्या जुन्या बागेच्या कोपऱ्यात, चर्चच्या आवारात, कुणा आजींच्या अंगणात एकेकट्या उभ्या आहेत. त्या कुणी ओळखल्या नाहीत तर झाड थकल्यावर तोडलं जातं आणि त्या जागी नर्सरीतून पुन्हा कान्झानच येतं.

मला हे वेड लागलं ते ताइहाकु नावाच्या मोठ्या पांढऱ्या फुलांच्या चेरीमुळे. मी राहते तिथून केंटमधलं बेनेन्डन गाव फार लांब नाही. 1919 साली कॉलिंगवुड इन्ग्रॅम नावाचे गृहस्थ तिथल्या ‘द ग्रेंज’ या घरात राहायला आले. मूळचा पक्ष्यांचा माणूस. अंगणातली चेरीची दोन मोठी झाडं बहरलेली पाहिली आणि उरलेलं आयुष्य चेरीला वाहिलं. शंभरी पार करून 1981 साली गेले, म्हणजे किती काळ त्यांनी हे केलं बघा. 1923 साली त्यांना ससेक्समधल्या विन्चेल्सीच्या एका बागेत चेरीचं एक मरायला टेकलेलं झाड दिसलं. पूर्वी कधीतरी जपानहून आलेलं. फुलं पांढरीशुभ्र, एकेरी आणि भलतीच मोठी. त्यांनी काड्या मागून आणल्या आणि आपल्या बागेत कलमं बांधली.

1926 साली ते चेरी शोधायला जपानला गेले. तोक्योजवळच्या अराकावा नदीकाठच्या चेरींची निगा राखणारे फुनात्सु नावाचे म्हातारे गृहस्थ तिथे भेटले. त्यांनी पणजोबांनी काढलेलं एक जुनं चित्र उलगडून दाखवलं. त्यात मोठ्या पांढऱ्या फुलांची एक चेरी होती. फुनात्सु म्हणाले, ही आता कुठेच सापडत नाही. इन्ग्रॅमनी पाहताक्षणी ओळखलं, ही तर आपल्या केंटच्या बागेत आहे!

तिथून पुढे काड्या परत जपानला पोचवायची खटपट. बोटीने पाठवलेल्या वाटेतच मेल्या. शेवटी काड्यांची टोकं बटाट्यात खुपसून सैबेरियाच्या रेल्वेने पाठवल्या, बटाट्यातल्या ओलाव्यावर त्या तगल्या, आणि 1932 साली क्योतोत कलम जगलं. आज जगात जिथे जिथे ताइहाकु आहे, ते सगळं त्या विन्चेल्सीच्या एका झाडापासून आलं असं मानतात.

काल आमच्याजवळच्या एका चर्चच्या मागे मला ताइहाकु दिसलं. फूल तळहातावर ठेवून पाहिलं. जवळजवळ सहा सेंटिमीटर रुंद, पाच पाकळ्या एकमेकींवर थोड्या चढलेल्या, मधे पिवळ्या पुंकेसरांचा झुबका. सगळ्यात भारी म्हणजे फुलांबरोबरच फुटणारी कोवळी पालवी, तांब्याच्या रंगाची. तो पांढरा रंग त्या तांबूस पानांमुळे जास्तच उठून दिसतो. कान्झानसारखं लांबून ओरडून बोलावत नाही हे झाड. जवळ जावं लागतं.

तर तुमच्या गावात, शहरात, परदेशात जिथे असाल तिथे कुठली वेगळी चेरी आहे? जागा, बहराचा काळ, पाकळ्या एकेरी की भरगच्च, पालवीचा रंग, एवढं जरूर लिहा. नुसता अंदाज असला तरी चालेल, मिळून ओळखू.

---

एदोगावाकर (12 एप्रिल)

मुक्ता, फार सुंदर धागा. फुनात्सुंच्या अराकावाबद्दल थोडी भर घालतो. मी तोक्योत निशी-कासाईला राहतो. तो नदीकाठचा बांध होता तो अदाची वॉर्ड इथून गाडीने जवळ आहे.

1886 साली त्या बांधावर 78 जातींच्या चेरी लावल्या होत्या. तोपर्यंत या जाती सरदार-दरकदारांच्या वाड्यांत, देवळांत होत्या. एदोची (म्हणजे जुन्या तोक्योतल्या शोगुनांची) राजवट संपली, वाडे मोडले, बागा उजाड झाल्या. कोमागोमेच्या एका माळ्याच्या घराण्याने त्या जाती सांभाळून ठेवल्या होत्या, त्या या बांधावर आल्या. पांढरा, फिका गुलाबी, गडद, पिवळसर, हिरवट अशा छटांमुळे लोक त्याला पाच रंगांच्या चेरींचा बांध म्हणायचे. पुढे नदीची कामं, धूर, युद्धात जळणासाठी झालेली तोड, यात तो बांध संपला.

आता जपानात सुद्धा लोकांना चेरी म्हटलं की सोमेइ-योशिनोच आठवतं. ते सगळं एकाच झाडाचं कलम, त्यामुळे एका भागातली झाडं एकदमच फुलतात, आणि म्हणूनच बहराचा अंदाज वर्तवता येतो. फेब्रुवारीच्या 1 तारखेपासून रोजचं कमाल तापमान मिळवत जायचं, बेरीज 600 च्या आसपास आली की तोक्योत फुलं येतात असा ठोकताळा आहे. यासुकुनी देवळातल्या ठरलेल्या झाडावर पाच-सहा फुलं उमलली की हवामान खातं बहर जाहीर करतं. सगळं शहर त्या आठवड्यात बाहेर पडतं, आणि तो आठवडा सरला की चेरी संपली असं समजतं. खरी मजा त्याच्यानंतर सुरू होते!

एप्रिलच्या मध्याला तोक्योतल्या शिन्जुकु ग्योएन बागेत जा. उकोन जातीची चेरी फुललेली असते. उकोन म्हणजे हळद. प्रत्यक्षात रंग हळदीइतका पिवळा नाही, साय आणि कोवळ्या हिरव्याच्या मधला. फूल मावळताना पाकळ्यांच्या बुडाशी गुलाबी चढतो, त्यामुळे एकाच झाडावर दोन वयाची फुलं दोन रंगांत दिसतात. तिची बहीण ग्योइको. तिच्या पाकळ्या खरोखर हिरव्या, मधे गडद हिरवी रेघ. पाकळीत हरितद्रव्य असतं, पानांवर असतात तशी रंध्रं सुद्धा असतात. पहिल्यांदा पाहणारे बरेच जण तिच्याखालून जातात आणि वर बघतच नाहीत, पालवी समजतात.

ज्यांना एकाच दिवशी पुष्कळ जाती पाहायच्या असतील त्यांनी ओसाकाच्या टांकसाळीची वाट गाठावी. 1883 पासून दर वर्षी बहराच्या आठवड्यात टांकसाळीच्या आवारातली ती वाट लोकांना खुली करतात. सुमारे 140 जाती आणि प्रत्येक झाडावर नावाची पाटी. शिकायला याहून चांगली जागा मला माहीत नाही. हाचिओजीला वनसंशोधन संस्थेची तामा बाग आहे, तिथे गर्दी कमी आणि झाडं डोंगरउतारावर. मला व्यक्तिशः तीच जास्त आवडते.

---

बहावा (13 एप्रिल)

वाचतोय. ताइहाकुची गोष्ट माहीत नव्हती, अंगावर काटा आला.

दोन शंका. एक, या झाडांना फळं येतात का? चेरी म्हणायचं आणि चेरी नाही असं का? दोन, दर मार्चमध्ये विक्रोळीच्या हायवेवरचे गुलाबी झाडांचे फोटो ‘मुंबईचं चेरी ब्लॉसम’ म्हणून फिरतात. ती चेरीच आहे का?

---

मुक्ता_केंट (13 एप्रिल)

बहावा, दुसऱ्याचं उत्तर सोपं. विक्रोळीची ती टॅबेबुया रोझिआ. मूळची मध्य आणि दक्षिण अमेरिकेतली, चेरीशी तिचं दूरचंही नातं नाही. फूल उचलून पाहा: टॅबेबुयाच्या पाकळ्या बुडाशी जुळून कर्ण्यासारखी नळी होते आणि अख्खं फूल टपकन खाली पडतं. चेरीच्या पाकळ्या सुट्या असतात, एकेक करून गळतात. टॅबेबुयाला पुढे लांब शेंगा येतात, आत पंखांच्या बिया. खोडावरूनही कळतं. चेरीच्या सालीवर आडव्या रेघा असतात आणि पानाच्या देठावर, पात्याच्या अगदी बुडाशी, दोन बारीक लालसर गाठी असतात. त्या मधाच्या ग्रंथी. बहर नसतानाही चेरी ओळखायची तर मी आधी देठ बघते.

फळांचं मात्र रंजक आहे. एकेरी फुलांच्या जातींना फळं येतात. वाटाण्याएवढी, पिकली की काळपट, चवीला कडवट, पक्षी खातात. सोमेइ-योशिनोला स्वतःच्या जातीच्या परागाने फळ धरत नाही, आणि शेजारचं झाड म्हणजे तेच झाड! त्यामुळे दुसरी जात जवळ असेल तरच थोडीफार फळं. भरगच्च फुलांच्या जातींचं तर पुंकेसरांचंच पाकळ्यांत रूपांतर झालेलं असतं, त्यामुळे फळाचा प्रश्न जवळजवळ मिटला. फुगेन्झो नावाची फार जुनी जात आहे, तिच्या फुलाच्या मधोमध स्त्रीकेसराच्या जागी दोन हिरवी इवली पानं बाहेर आलेली असतात, टोकाला वळलेली. फुगेन म्हणजे आपला समंतभद्र बोधिसत्त्व, त्याचं वाहन पांढरा हत्ती. ती दोन पानं त्या हत्तीचे सुळे. इचियो नावाच्या दुसऱ्या भरगच्च जातीला बहुधा असं एकच पान असतं. भिंग न घेता, साध्या डोळ्यांनी दिसतं हे. भरगच्च गुलाबी चेरी दिसली की ‘कान्झान’ म्हणून पुढे जाऊ नका, एक फूल उलगडून आत बघा.

---

सुमेधा_जर्सी (13 एप्रिल)

न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींना विनंती: दर वर्षी पाच तास गाडी चालवून, पार्किंगसाठी तासभर फिरून वॉशिंग्टनची चेरी बघता ना? नूअर्कचं ब्रँच ब्रूक पार्क एडिसनपासून अर्ध्या-पाऊण तासावर आहे आणि तिथे वॉशिंग्टनपेक्षा जास्त चेरी आहेत, पाच हजारांच्या वर. 1927 साली कॅरोलाइन बॅम्बर्गर फुल्ड यांनी दिलेल्या 2,000 झाडांपासून सुरुवात झाली. तिथल्या उतारावर पाणवठ्याच्या कडेला फांद्या खाली झुकलेल्या जुन्या चेरी आहेत, त्यांच्याखाली उभं राहिलं की चहूबाजूंनी फुलं. माझी मुलगी तिथेच चालायला शिकली, म्हणून मला ती बाग जरा जास्तच जवळची.

वॉशिंग्टनची गोष्ट मुक्ताने सांगितलेल्या गोष्टीला जोडलेली आहे. जपानहून आलेली पहिली 2,000 झाडं कीड आणि सूत्रकृमी सापडल्यामुळे 1910 साली चक्क जाळावी लागली. दोन देशांत केवढा अवघड प्रसंग! तोक्योचे महापौर ओझाकी यांनी पुन्हा तयारी केली. या वेळी काड्या घेतल्या त्या अराकावाच्या बांधावरून, एदोगावाकरांनी सांगितलेल्या त्याच. 1912 साली 12 जातींची 3,020 झाडं आली. आणि युद्धानंतर अराकावाचा बांध उजाड झाला तेव्हा 1952 साली वॉशिंग्टनच्या झाडांच्या काड्या तिकडे परत गेल्या. ताइहाकुसारखंच. जात वाचते ती दुसरीकडे कुणीतरी लावून ठेवली असेल तरच.

त्या 12 जातींत ग्योइको होती. तिची 20 झाडं व्हाइट हाउसच्या आवारात लावली, त्यामुळे सामान्य माणसाला ती दिसणं कठीण. इकडे न्यू जर्सी-पेनसिल्व्हेनियात हिरवी चेरी कुणी पाहिली असेल तर कृपया लिहा. मी मनापासून शोधतेय.

---

अनघा७ (13 एप्रिल)

फोटो टाका ना कुणीतरी, विशेषतः त्या हत्तीच्या सुळ्यांचा!

---

डोंगरवाट (14 एप्रिल)

सगळे जपान, इंग्लंड, अमेरिकेचं लिहितायत म्हणून आपल्या देशातल्या चेरीबद्दल लिहितो. नोकरीनिमित्त काही वर्षं शिलाँगला होतो.

हिमालयात आणि खासी टेकड्यांत रानचेरी आहे, प्रुनस सेरासॉइडिस. आयुर्वेदातला पद्मक किंवा पद्मकाष्ठ तो हाच. बाकीची चेरी वसंतात फुलते, ही फुलते हिवाळ्याच्या तोंडावर. शिलाँगला नोव्हेंबरात वॉर्ड्स लेकच्या बाजूला, रस्त्यांच्या कडेने, शाळांच्या आवारात सगळीकडे फिका गुलाबी रंग. 2016 पासून तिथे चेरीचा उत्सवही भरतो. उत्सवाची गर्दी टाळायची असेल तर सकाळी लवकर निघावं, धुकं उठायच्या आत. मधमाश्यांची मात्र तेव्हाही झुंबड असते. त्या दिवसांत डोंगरात दुसरं फारसं काही फुललेलं नसतं, त्यामुळे हे झाड त्यांचं मोठं पोटपाणी आहे.

उत्तराखंडात याला पय्यां म्हणतात आणि फार पवित्र मानतात. लग्नाच्या मांडवात याची डहाळी लागते. गढवालात एका घरी मी विचारलं, जळणाला तोडता का? त्या बाईंनी कानाला हात लावला. आंबट बारीक फळं येतात, पक्षी बिया पसरवतात, रोप आपसूक उगवतं. म्हणून हे झाड जपानी जातींसारखं माणसाच्या कलमावर अवलंबून नाही. आणि बीपासून आल्यामुळे प्रत्येक झाड थोडं वेगळं: कुठे जवळजवळ पांढरं, कुठे गडद. शिलाँगच्या एका वळणावर एक इतकं गडद झाड होतं की मी रोज वाट वाकडी करून तिकडून जायचो.

माझं स्पष्ट मत: भारतात राहणाऱ्याने चेरी बघायला आधी शिलाँगला जावं, मग तोक्योला.

---

नाशिकची_मैना (14 एप्रिल)

महाबळेश्वर, तोरणमाळ, चिखलदरा अशा थंड ठिकाणी ताइहाकु किंवा पद्मक जगेल का? रोप कुठे मिळेल?

---

कलमवाला_रत्नागिरी (14 एप्रिल)

मैनाताई, ताइहाकुचा नाद सोडा. या झाडांना हिवाळ्यात पुष्कळ दिवस सलग कडाक्याची थंडी लागते, तेव्हाच कळ्या जाग्या होतात. आपल्याकडच्या थंडीत ती पुरत नाही, झाड जगलं तरी बहर धड येत नाही. वर आपला चार महिन्यांचा धुवांधार पाऊस, मुळं कुजतात. पद्मक जरा सोशिक आहे, पण तो सुद्धा हिमालयाचा. आपल्या डोंगरात फुलांसाठी झाड लावायचं तर कुंभा लावा. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं झडलेली असतात आणि फांद्यांच्या टोकांना मोठी फुलं येतात, पांढऱ्या पाकळ्या आणि मधे गुलाबी केसरांचा भरघोस झुबका. रात्री उमलतात, सकाळी झाडाखाली सडा. पुढे हिरवी गोल फळं. नर्सरीत क्वचित मिळतो, म्हणजे तोही शोधावाच लागतो.

बाकी हा धागा वाचून मला फार बरं वाटलं, कारण आमचा धंदाच कलमाचा. लोकांना वाटतं बी पेरलं की तेच झाड येतं. हापूसची कोय पेरून हापूस येईलच असं नाही, म्हणून आम्ही पावसात कोय कलमं बांधतो. तुमच्या ताइहाकुचं तेच. बीपासून दुसरंच काहीतरी येणार. झाड मरायच्या आत कुणी काडी घेतली तर जात राहिली, नाहीतर संपली. मुक्ताताई, तिकडे खुंट (ज्यावर काडी बांधायची ते मुळाचं रोप) कुठला वापरतात? काडी कधी काढता?

---

मुक्ता_केंट (15 एप्रिल)

कलमवाला, तुमच्या प्रश्नाचीच वाट बघत होते.

खुंट म्हणून इथे रानटी गोड चेरी किंवा ‘कोल्ट’ नावाचा खुंट वापरतात. काडी जानेवारीत काढायची, झाड पूर्ण झोपेत असताना. पेन्सिलीच्या जाडीची, गेल्या वर्षीच्या वाढीची. ओल्या कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवायची आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये खुंटात रस चढायला लागला की कलम बांधायचं. तिरपा छेद, त्यात जिभेसारखी एक खाच, दोन्हींची हिरवी साल एका बाजूने तरी तंतोतंत जुळली पाहिजे. हे तुम्हाला सांगायला नकोच. ऑगस्टमध्ये काडीऐवजी नुसता डोळा, म्हणजे एकच कळी, खुंटाच्या सालीत भरता येतो. छाटणी मात्र इथे हिवाळ्यात करायची नाही, जून ते ऑगस्टमध्येच, नाहीतर जखमेतून पानं रुपेरी करणारी बुरशी शिरते आणि फांदीमागून फांदी वाळत जाते.

जुनी झाडं शोधताना यावरूनच एक खूण सांगते. खोडावर कलमाचा सांधा बहुतेक वेळा दिसतो, वरची साल आणि खालची साल वेगळी, मधे फुगवटा. कधीकधी खालून खुंटाचे फुटवे येऊन झाड ताब्यात घेतात. मग लांबून साधी पांढरी रानचेरी वाटते. आमच्या शेजारच्या गावात असंच एक झाड होतं. खालचा सगळा पसारा रानचेरीचा आणि वर, पार उंचावर, एकाच फांदीवर पिवळसर हिरवट फुलं. उकोन! घराच्या मालकीणबाई नव्वदीच्या आहेत. त्यांच्या सासूबाईंनी लावलेलं झाड, नाव घरात कुणाला माहीत नव्हतं. मी एदोगावाकरांनी लिहिलंय तेच सांगितलं, बुडाशी गुलाबी चढतो ते. त्या म्हणाल्या, हो, मावळताना लाजतं ते. शिडी लावायला त्यांनी नातवाला बोलावलं. त्या फांदीच्या काड्या घेतल्या, आता त्यांच्याच कुंपणाशी नवं कलम आहे.

हे घाईने करावं लागतंय कारण कलमी जपानी चेरी इथे पन्नास-साठ वर्षांत थकते. इन्ग्रॅम यांच्या हयातीत लावलेल्या झाडांची आता ही शेवटची वर्षं आहेत. मोठ्या संग्रहांवर सगळं सोपवून चालणार नाही. कील विद्यापीठात राष्ट्रीय संग्रह आहे, दोनशेच्या वर जाती, जरूर पाहा. बॅट्सफर्ड वनोद्यानातही सुंदर संग्रह आहे. ऑल्निकच्या बागेत तर तीनशेवर ताइहाकुंची राई आहे, आणि तिथे झाडांना झोपाळे बांधलेत! पण इन्ग्रॅम यांचं म्हणणं मला अगदी पटतं: कान्झान एके कान्झान लावू नका. लवकर, मध्य आणि उशिरा फुलणाऱ्या जाती लावल्या तर एका गल्लीत फेब्रुवारीच्या शेवटापासून मेपर्यंत काही ना काही फुललेलं असतं. सगळीकडे एकच जात लावून आपण दोन महिन्यांचा वसंत दहा दिवसांवर आणलाय, आणि मला ते मनापासून सलतं.

---

एदोगावाकर (15 एप्रिल)

‘मावळताना लाजतं ते’! इथल्या माळीकाकांना सांगितलं, ते खूश झाले.

अनघा, फुगेन्झोचा फोटो शनिवारी टाकतो, सध्या कळीवर आहे. आणखी एक. भरगच्च चेरीला फळ नाही म्हणून ती खाण्यात नाही असं समजू नका. कान्झानच्या अर्धवट उमललेल्या कळ्या देठासकट खुडून मिठात आणि उमे नावाच्या जपानी फळाच्या आंबट पाण्यात मुरवतात. मग वाळवून, मीठ लावून बरणीत. लग्नकार्यात चहाऐवजी गरम पाण्यात असं एक फूल सोडून देतात, ते कपात हळूहळू उघडतं. मुख्यतः कानागावातल्या हादानोहून येतात ती फुलं. चव खारट-आंबट, वास मंद बदामासारखा.

---

सुमेधा_जर्सी (16 एप्रिल)

मुक्ता, उकोनची एक काडी पाठवता येईल का? पोस्टेज मी देईन.

---

मुक्ता_केंट (16 एप्रिल)

सुमेधा, मनापासून द्यायची इच्छा आहे, पण काडी पाकिटात घालून देशाबाहेर पाठवायची नाही. त्या 1910 च्या झाडांचं तुम्हीच लिहिलंत. चेरीच्या काडीबरोबर विषाणू आणि जिवाणूंचे रोग जातात, म्हणून परवाना आणि तपासणीचा दाखला लागतो, आणि ते बरोबरच आहे. तुमच्याकडे उकोन अमेरिकेतल्याच नर्सऱ्यांत मिळते, चेरीच्या जातींची खास नर्सरी शोधा आणि ‘व्हायरस तपासलेलं कलम’ असंच मागा.

धाग्यातल्या नोंदी मी एका तक्त्यात भरतेय: गाव, जात, बहराचा आठवडा, झाडाची तब्येत. खाजगी अंगणातलं झाड असेल तर पत्ता इथे लिहू नका, फक्त गावाचं नाव पुरे. डोंगरवाट, त्या वळणावरच्या गडद पद्मकाची जागा मला निरोपातून कळवाल का? नोव्हेंबरात माझा भाऊ शिलाँगला जाणार आहे.